कुंडलिकेचं राफ्टिंग: बाराशे रुपयांच्या तिकिटात पाणी किती आणि वेळ किती

कोलाडला राफ्टिंगला निघण्याआधी एक गोष्ट माहीत हवी. राफ्ट ज्या पाण्यावर चालते ते वीज करून मोकळं झालेलं पाणी असतं. वरच्या वीजघरातली चाकं फिरली की कुंडलिका भरते, ती थांबली की थोड्याच वेळात पात्रातले दगड वर येतात. बोट, गाइड, जॅकेट, जेवण या सगळ्याला गुण द्यायचेच आहेत, पण या सेवेत बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्याच्या वेळापत्रकात. आणि गंमत अशी की ज्या वेळापत्रकावर राफ्ट चालते, त्याच वेळापत्रकावर खाली रोहा-माणगावकडची उन्हाळी भातशेतीही अवलंबून आहे. म्हणून आधी पाणी, मग बोट.

मुळशीचं धरण सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, मुळा नदीवर आहे. हे पाणी आपल्या वाटेने गेलं असतं तर मुळा-मुठा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. टाटांनी ते पश्चिमेला वळवून घाटाखाली रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला आणलं. उंचीतला फरक सुमारे ५०० मीटर. भिऱ्याचं वीजघर १९२७ पासून चालतंय. त्यात २५ मेगावॉटचे सहा संच आहेत, आणि नंतर १५० मेगावॉटचा उदंचन संच जोडला गेला, म्हणजे गरजेप्रमाणे पाणी खालून वर चढवून पुन्हा वापरणारा. इथून सुटलेलं पाणी खालच्या तळ्यात थांबतं आणि महानिर्मितीच्या (राज्य सरकारच्या वीज कंपनीच्या) भिरा अवजल केंद्रात आणखी एकदा वीज देतं. तिथे ४० मेगावॉटचे दोन संच आहेत. दोन वीजघरं पार करून आलेलं हे अवजल मग कुंडलिकेत उतरतं. साजे-रावळजे परिसरातून राफ्ट पाण्यात टाकतात आणि सुमारे १२ किलोमीटरवर कामतजवळ बाहेर काढतात. त्याच्याही खाली कोलाडजवळ डोलवहालचा बंधारा पाणी अडवतो आणि कालव्यांतून शेतीकडे वळवतो. उरलेली नदी रोह्यावरून रेवदंड्याला समुद्रात जाते. धाटावच्या औद्योगिक वसाहतीमुळे कुंडलिकेचं नाव प्रदूषित नद्यांत घेतलं जातं, पण तो पट्टा राफ्टिंगच्या खालचा आहे. राफ्ट जाते ते पाणी धरणातलं, थंड आणि बरंच स्वच्छ असतं.

वेळेवर पोचणं म्हणजे काय

पाणी बहुतेक दिवशी सकाळी सुटतं, म्हणून राफ्टिंगवाले आठ-साडेआठला हजर राहायला सांगतात. लोकांना वाटतं ही शिस्त गर्दीसाठी आहे. खरं कारण नदीत आहे. वीजघर सुरू झालं की पाण्याचा पुढचा लोंढा पात्रातून झपाट्याने खाली सरकतो. मागचं टोक मात्र पसरत, रेंगाळत उतरतं. वीजघर बंद झालं की पातळी आधी सुरुवातीच्या टप्प्यात पडते, नंतर खाली. आणि कुंडलिकेची चांगली उसळी त्याच सुरुवातीच्या टप्प्यात आहे, कारण घाटाच्या पायथ्याशी पात्राचा उतार जास्त आहे. म्हणून पहिल्या तुकडीत बसणाऱ्याला भरल्या पाण्याचे रॅपिड (खळाळते, उसळते टप्पे) मिळतात आणि शेवटच्या तुकडीला त्याच पैशांत दगडाला घासणारी बोट. राफ्ट अडकली की गाइड सगळ्यांना एका बाजूला सरकायला लावतो, उड्या मारायला लावतो. फोटोत ते मजेचं दिसतं, पण त्या वेळी नदी संपत आलेली असते.

बुकिंग करताना "राफ्टिंग किती वाजता?" एवढं विचारून उपयोग नाही. विचारायचं ते असं: आज पाणी किती वाजता सुटणार, आमची राफ्ट कितव्या तुकडीत, मुक्कामाच्या ठिकाणाहून सुरुवातीच्या जागेपर्यंत जीपला किती वेळ लागतो, आणि पाणी सुटलंच नाही तर पैसे परत की दुसरी तारीख. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मेसेजवर लेखी घ्या. वीजघराची देखभाल, विजेची मागणी कमी असणं, धरणात साठा राखायचा असणं, यातलं काहीही झालं तर पाणी येत नाही, आणि त्यावर राफ्टिंगवाल्याचा काडीचा ताबा नसतो. जो "पाण्याची शंभर टक्के गॅरंटी" देतो त्याच्यापासून सावध. जो "आदल्या संध्याकाळी कळवतो" म्हणतो तो धंदा समजून बोलतोय.

पुण्याहून येणाऱ्यांनी ताम्हिणीतून विळे आणि तिथून सुतारवाडीमार्गे कोलाड असं यावं. पावसाळी शनिवार-रविवारी ताम्हिणीत धबधबे बघणाऱ्यांच्या गाड्या रस्त्यातच उभ्या असतात, तेव्हा नेहमीच्या वेळेत किमान एक तास मिळवा. मुंबईकरांना गोवा महामार्ग. रेल्वेने आलात तर कोलाड हे कोकण रेल्वेचं रोह्यानंतरचं पहिलंच स्थानक, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या आहेत. सकाळी आठला पोचायचं तर आदल्या दिवशीचा मुक्काम हाच खरा उपाय.

बोट, जॅकेट, गाइड

महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. त्यानुसार अशा उपक्रमांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. नोंदणीपत्र बघायला मागितलं तर चांगला आयोजक ते लगेच मोबाइलवर दाखवतो. कपाळाला आठ्या पडल्या तर पुढचा विचार करा.

लाइफ जॅकेट हा एकच भाग असा आहे की त्यावर दोन मिनिटं खर्च केलीच पाहिजेत. आधी फोम बोटांनी दाबा. तो पुन्हा फुगला पाहिजे. वर्षानुवर्षं उन्हात वाळलेल्या आणि लोकांनी उशी करून बसलेल्या जॅकेटचा फोम चपटा होतो आणि तरंगवण्याची ताकद कमी होते. मग सगळी बकलं लावा आणि पट्टे खालून वर आवळत या. आधी कमरेचा, मग छातीचा, खांद्याचे सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने आवळलं तर जॅकेट पोटावर सैल राहतं आणि पाण्यात पडल्यावर तोंडावर चढतं. शेवटी शेजाऱ्याला खांद्याचे पट्टे धरून जोरात वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही, बदलून मागा. गर्दीच्या दिवशी मधली मापं लवकर संपतात आणि बारीक अंगाच्या माणसाच्या गळ्यात मोठं जॅकेट येतं. यात भीड बाळगू नये.

हेल्मेट कपाळ झाकणारं हवं. मागे सरकवून घातलेलं हेल्मेट फोटोत बरं दिसतं, पण दगड कपाळालाच लागतो. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकीच जागा ठेवा.

वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते. ती मूठ तळहाताने झाकून धरायची आणि कोणत्याही परिस्थितीत सोडायची नाही. उसळीत ओठ-दात फुटतात ते बहुधा दगडाने नाही, शेजाऱ्याच्या सुटलेल्या मुठीने. पाय राफ्टच्या आडव्या फुगीर नळीखाली हलकेच खुपसायचे. घट्ट अडकवले तर राफ्ट उलटताना घोटा मुरगळतो, मोकळे सोडले तर पहिल्याच लाटेला बाहेर.

राफ्ट हाताने दाबली तर टणक लागली पाहिजे. मऊ राफ्ट लाटेत मध्ये दुमडते आणि पुढच्या रांगेतले लोक उडतात. काठावर उन्हात ठेवलेली राफ्ट हवा तापून कडक वाटते, आणि धरणाच्या गार पाण्यात उतरली की ढिली पडते. म्हणून पाण्यात टाकल्यावर पुन्हा दाब बघणारा गाइड दिसला तर समजा की माणूस काम जाणतो. त्याच्या अंगावर शिट्टी, चाकू आणि राफ्ट सुलटी करायचा पट्टा, हाताशी दोरीची फेकपिशवी, आणि ताफ्यात एक तरी सेफ्टी कयाक (मदतीला धावणारी छोटी होडी) असायला हवी. काठावरची तालीम दहा मिनिटांपेक्षा कमी असेल तर ती अपुरी. फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, गेट डाउन या चार आज्ञांवर सगळ्यांचे हात एकदा तरी एकत्र हलले पाहिजेत.

पाण्यात पडल्यावर काय करायचं हे नुसतं ऐकू नका, काठावर आडवं होऊन करून बघा: पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेने, बोटं पाण्याबाहेर. उभं राहायचा मोह हाच मोठा धोका. कंबरभर वाहत्या पाण्यात पाऊल दोन दगडांत अडकलं की प्रवाह माणसाला पुढे वाकवून पाण्याखाली धरतो, आणि तिथे पोहता येण्याचा उपयोग नसतो. काठच्या झुडपांकडे, पाण्यात पडलेल्या फांद्यांकडे पोहत जायचं नाही. पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस अडकतो.

अवघडपणाच्या सहा श्रेणींत ही नदी दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीची, म्हणजे मध्यम. ऋषिकेशची गंगा डोक्यात ठेवून आलात तर थोडी निराशा होईल. पहिल्यांदा बसणाऱ्याला मात्र हेच माप बरोबर आहे. पहिल्या निम्म्या भागात रॅपिड एकामागून एक येतात, उत्तरार्ध संथ. संथ टप्प्यात बरेच गाइड लोकांना पाण्यात उतरू देतात. ज्याला उतरायचं नाही त्याला ढकलणारा गाइड असेल तर तिथेच ठणकावून सांगा. चौदा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, आणि वय वाढवून सांगण्यात काही शहाणपण नाही: जॅकेट वयाला नाही, छातीच्या मापाला बसतं.

अंगात पटकन वाळणारे कपडे, पायात पट्ट्याचे सँडल, चष्म्याला दोरी. जीन्स नको, मोबाइल नको. तंबूत राहणार असाल तर वाळूच्या पट्ट्यावर किंवा पात्रालगत तंबू लावू देऊ नका. संध्याकाळी वीजघर सुरू झालं तर कोरडी दिसणारी जागा काही मिनिटांत भिजते. काठच्या झाडांना अडकलेला कचरा, गवताच्या गुंडाळ्या दिसतात ना, ती पाण्याची रेघ. तंबू तिच्या वर हवा.

तिकिटातलं पाणी

साधारण १,००० ते १,५०० रुपये माणशी असा दर पडतो. आडवारी कमी, सुट्टीला जास्त. जीप, विमा, जीएसटी, फोटो यातलं काय आत आणि काय बाहेर हे आधीच विचारा. पण या पैशांत पाण्याची किंमत किती? बिलात तर पाण्याची ओळच नसते. ढोबळ का होईना, मांडून बघू.

एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी ५०० मीटर खाली आलं की गळती-घट धरून साधारण १.२ युनिट वीज होते. १५० मेगावॉट पूर्ण चालवायला म्हणूनच सेकंदाला सुमारे ३५ घनमीटर लागतात. तीन तास चालवलं तर पावणेचार लाख घनमीटर. युनिटला ४ रुपये धरले तर त्या तीन तासांत १८ लाखांची वीज झाली, घनमीटरला पावणेपाच रुपये. अवजल केंद्रातली वीज यात धरलेली नाही.

आता त्याच पाण्यावर राफ्ट. गर्दीच्या रविवारी ४०० माणसं धरा, १,२०० रुपये दराने ४ लाख ८० हजार. घनमीटरला सव्वा रुपया. आडवारी ६० माणसं असतील तर हजार रुपयांनी ६० हजार, घनमीटरला १६ पैसे. पाणी तेवढंच, किंमत आठपट वेगळी. राफ्टिंगच्या पाण्याचा हा स्वभाव आहे. एकाने वापरलं म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही, म्हणून त्याची किंमत घनमीटरवर ठरत नाही, काठावर जमलेल्या माणसांवर ठरते.

आणि आता भात. उन्हाळी भाताला शेतात हेक्टरी १२ ते १५ हजार घनमीटर लागतात. मातीचा कालवा, फुटलेल्या चाऱ्या (कालव्याचे छोटे फाटे), रात्री वाहून जाणारं पाणी हे सगळं धरून कालव्याच्या तोंडाशी २५ हजार सोडावे लागतात असं समजू. म्हणजे आपल्या पावणेचार लाखांत १५ हेक्टर भात हंगामभर निघतो. हेक्टरी ४५ क्विंटल आणि २०२५-२६ चा २,३६९ रुपयांचा हमीभाव धरला तर हेक्टरी १ लाख ६ हजार, घनमीटरला सव्वाचार रुपये.

इथेच बहुतेक वाद फसतात. राफ्टिंगचे सव्वा रुपये आणि भाताचे सव्वाचार रुपये हे दोन्ही आकडे ढोबळ उत्पन्नाचे आहेत, आणि ढोबळ उत्पन्नाची तुलना करून पाण्याची किंमत निघत नाही. भातात बियाणं, खत, नांगरट, मजुरी गेली. हेक्टरी ३० हजार हातात राहिले असं धरलं तर घनमीटरला १ रुपया २० पैसे. राफ्टिंगमध्येही बोटींची झीज, जीप, गाइडचा पगार, बुकिंगवाल्याचं कमिशन गेलं. तीस टक्के उरले असं मानलं तर रविवारी ३८ पैसे. हे आकडे आपापल्या अंदाजाने बदला, पण दोन्हीकडे एकच माप लावा. एकाचा गल्ला आणि दुसऱ्याचा नफा शेजारी ठेवून "पर्यटनात जास्त पैसा" किंवा "शेतीत जास्त पैसा" म्हणणारे लोक दोन्ही बाजूंना सापडतात.

पिकानेही चित्र बदलतं. त्याच कालव्यावर कलिंगड किंवा भाजी घेतली तर पाणी निम्म्याहून कमी आणि हातात राहणारे पैसे दुप्पट, म्हणजे घनमीटरला पाच-सहा रुपये. कोकणात कालव्याच्या पाण्यावर फक्त भातच उभा करायचा हट्ट पाण्याला स्वस्त करून टाकतो.

दुसरी अडचण अशी की तिकिटाची किंमत म्हणजे राफ्टिंगची किंमत नव्हे. मुंबईहून येणारा माणूस पेट्रोल, मुक्काम, अख्खा दिवस खर्च करतो, आणि तिकीट २,००० झालं तरी त्यातले बरेच जण येतीलच. हे न दिसणारं मोल काढायला प्रवासखर्चावरून मागणी मोजायची पद्धत वापरतात. हॅरॉल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने ती १९४७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याला सुचवली होती. वेगवेगळ्या अंतरांवरून किती माणसं येतात, आणि त्यांना येण्याजाण्यासाठी किती खर्च पडतो, यावरून मागणीची रेघ काढायची. कोलाडच्या पार्किंगमधल्या गाड्यांचे एमएच-०१, एमएच-०४, एमएच-१२, एमएच-१४ असे क्रमांक महिनाभर टिपले तरी हे काम सुरू होईल.

तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. भाताला पाण्याचा प्रत्येक वाढीव लिटर थोडा थोडा उपयोगी पडतो, आणि पोटरी (लोंबी बाहेर पडण्याआधीची अवस्था) ते फुलोऱ्याच्या दिवसांत तर फारच. राफ्टचं तसं नाही. एका ठरावीक प्रवाहाखाली ती चालतच नाही, आणि पुरेसं पाणी झाल्यावर आणखी पाण्याने मजा थोडीच वाढते. आपले पावणेचार लाख घनमीटर तीन तासांत सोडले तर सेकंदाला ३५. तेच चोवीस तासांत सारखे वाटून सोडले तर सेकंदाला जेमतेम साडेचार. कालव्याला हा साडेचारचा संथ प्रवाह अगदी मानवतो, राफ्ट मात्र पहिल्याच दगडावर बसेल. उलट, तीन तासांचा लोंढा डोलवहालला आला की कालवा आपल्या वहनक्षमतेइतकंच पाणी घेतो. बंधाऱ्यामागे जागा असेल तेवढं थांबतं, बाकीचं सांडव्यावरून रोह्याकडे. शेती आणि राफ्टिंग यांचं इथलं भांडण पाण्याच्या मापाचं नाही, ते वाहण्याच्या आकाराचं आहे. राफ्ट पाण्याचा एक थेंबही पीत नाही. तिला लोंढा हवा असतो आणि कालव्याला धार.

हा लोंढा राफ्टसाठी तयार होत नाही, तो विजेच्या मागणीमुळे होतो. त्यामुळे आज शेतकऱ्याने राफ्टवाल्यावर चिडायचं कारण नाही. कालव्याची दुरुस्ती रेंगाळली, आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) उशिरा सुटलं, शेवटच्या चारीला पाणी पोचलंच नाही, या तक्रारींचा बोटीशी काही संबंध नाही. पण सौरवीज वाढली की दुपारची वीज स्वस्त होते आणि जलविद्युत संध्याकाळसाठी राखून ठेवण्याचा मोह वाढतो. सकाळचा लोंढा उद्या संध्याकाळी सहाला सरकला तर कालव्याला काहीच फरक पडणार नाही, राफ्टिंगचा धंदा मात्र बसेल. अंधारात कुणी बोट टाकत नाही. कोलाडमध्ये तंबू-रिसॉर्टवर पैसे घालणाऱ्यांनी बँकेचे हप्ते मोजताना ही शक्यताही मोजावी.

अशी अडचण कागदावर सोडवल्याचं उदाहरण अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात आहे. तिथल्या आर्कान्सॉ नदीवर १९९०च्या दशकापासून एक ऐच्छिक करार चालतो. १ जुलै ते १५ ऑगस्ट या राफ्टिंगच्या दिवसांत नदी सेकंदाला ७०० घनफूट, म्हणजे साधारण २० घनमीटर, ठेवायची आणि त्यासाठी १०,००० एकर-फुटांपर्यंत पाणी वरच्या धरणातून सोडायचं. आपल्या मापात ते अर्ध्या टीएमसीहूनही कमी. हे पाणी तसंही खालच्या प्वेब्लो धरणात न्यायचंच असतं, तिथून ते शेतीला आणि शहरांना मिळतं. करार फक्त कधी न्यायचं याचा. कोलाडला तसा कागद झाला तर त्यात महानिर्मिती, टाटा, जलसंपदा, पाणीवापर संस्था आणि राफ्टवाले असे पाच पक्ष बसवावे लागतील. दर शनिवार-रविवारी किती वाजता किती संच किती तास, आणि संच बंद पडला तर कळवायचं कुणी, एवढ्या दोन गोष्टी लिहिल्या तरी पुरे.

घाटावरून या सगळ्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात. मुळशीचं पाणी पश्चिमेला न सोडता भीमेच्या खोऱ्यात द्यावं ही मागणी अनेक वर्षांची आहे, आणि सोलापूरच्या बाजूने बघितलं तर ती समजण्यासारखीही आहे. रब्बी ज्वारीला ऐन वेळी एक संरक्षित पाणी दिलं, हेक्टरी ७५० घनमीटर, आणि त्याने ४ क्विंटल वाढले असं धरलं तर मालदांडी ज्वारीच्या २०२५-२६ च्या ३,७४९ रुपये हमीभावाने १५ हजार झाले. वाटेत निम्मं मुरलं तरी घनमीटरला १० रुपये, विजेच्या दुप्पट. तेच पाणी उसाच्या सरीत गेलं की हिशेब उलटतो. हेक्टरी ९० टन ऊस, टनाला २०२५-२६ ची ३,५५० रुपयांची एफआरपी (कारखान्याने द्यायचा किमान दर), कालव्याच्या तोंडाशी हेक्टरी ५० हजार घनमीटर, म्हणजे ढोबळ सहा रुपये आणि खर्च जाता त्याच्या निम्मेच. विजेचे पावणेपाच रुपयेही ढोबळच आहेत, पण त्यातून खर्च थोडाच जात असेल तर वीज त्याहून जास्त देते. म्हणजे मुळशीचं पाणी पूर्वेला न्यावं की नाही याचं उत्तर ते ज्वारीला जाणार की उसाला, यावर बरंचसं अवलंबून आहे, आणि त्याबद्दल मागणीपत्रांत कुणी फारसं बोलत नाही. पूर्वेला गेलेलं पाणी भिऱ्याला येणार नाही, डोलवहालला येणार नाही, आणि राफ्टही चालणार नाही, हेही त्यात येतंच.

आणि ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांचं काय? १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, तो याच धरणाविरुद्ध. वर लिहिलेल्या पैशांच्या एकाही ओळीत ती भातखाचरं नाहीत.

गुण

पाणी आणि नदी: पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, पाचपैकी साडेचार. अवजलाला ओढ्यांची जोड मिळते, कालव्याला त्या दिवसांत पाणी नको असतं, म्हणजे भांडणच नाही. अतिवृष्टीच्या दिवशी आयोजकाने रद्द केलं तर त्याचे आभार माना. ऑक्टोबर ते फेब्रुवारी चार: गर्दी कमी, पाणी गार, सकाळी कुडकुडायची तयारी हवी. मार्च ते मे साडेतीन. बाहेर उकाडा आणि खाली गार पाणी याची मजा खरी, पण पाणी रद्द होण्याचा धोकाही याच महिन्यांत जास्त, आणि शेतीला तेव्हाच गरज असते.

सुरक्षितता आयोजकागणिक बदलते. चांगल्याकडे साडेचार, वाईटाकडे दोन, आणि दोघांच्या दरात दोनशे रुपयांचाही फरक नसतो. म्हणून दरावरून निवडू नका. सेफ्टी कयाक आहे का, एका राफ्टमध्ये आठच्या वर माणसं कोंबतात का, आणि गाइड तालीम घेतो की फक्त आरोळ्या द्यायला शिकवतो, यावरून निवडा.

जेवण सगळीकडे तेच: सकाळी पोहे, दुपारी तांदळाची भाकरी, कोंबडीचा रस्सा, नाहीतर पनीर. पॅकेजच्या जेवणाऐवजी गावातल्या घरगुती खानावळीत आगाऊ सांगून जेवलात तर चव चांगली आणि पैसे गावात राहतात. राफ्टिंगमधला गावाचा खरा वाटा जीपवाले, स्वयंपाक करणाऱ्या बायका आणि आता गाइड झालेली इथली पोरं यांच्याकडून येतो. बुकिंग थेट कोलाडला फोन करून केलं तर मधलं कमिशन वाचतं, आणि पाणी कधी सुटणार हेही तिथल्याच माणसाला आधी कळतं.

परतताना डोलवहालच्या बंधाऱ्यावर थांबा. दुपारी एकच्या सुमारास सकाळचा लोंढा तिथे पोचलेला दिसतो. कालव्याचं दार किती उघडलंय आणि सांडव्यावरून किती पाणी जातंय हे रस्त्यावरूनही कळतं.